दोन जीबीतला शनिवार

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लिफ्टवाल्याची लेक त्याला दिसायची, आणि पाचावर दहा-अकरा मिनिटं झाली की तिचं तोंड उघडंच्या उघडं राहायचं. पोरीला काही व्हायचं नाही हो, लॅपटॉपला व्हायचं. ती तिकडे बोलतच असणार. इकडे मात्र ती अर्ध्या शब्दावर थिजलेली, एक डोळा मिटलेला, हात हवेत, आणि तिच्या कपाळावर गोल गोल फिरणारं ते चक्र. मग चक्रही थांबायचं, प्रोग्रॅम आपला आपण बंद व्हायचा आणि लिफ्टवाला काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत बसायचा.

कोर्टानं दिला होता तास. आठवड्यातून एकदा, पूर्ण एक तास. नवराबायकोचं फाटलं, पोरगी आईबरोबर दूरच्या शहरात गेली, आणि बापाच्या वाट्याला हा तास आला. तोही साधा नाही. फोनवर चालणार नाही, फक्त कंप्युटरवर. कोर्टाच्या कचेरीनं दिलेल्या प्रोग्रॅममधूनच बोलायचं, आणि दोन्ही बाजूंचं सगळं रेकॉर्ड होणार. बापानं मधेच बंद केलं तर ‘वडिलांनी भेट सोडली’ असा शेरा. पोरगी मधेच उठून गेली तर ‘मूल अनिच्छुक’ असा शेरा, आणि असे शेरे साठले की तासाचा अर्धा तास, अर्ध्याचा पाव. मशीन बंद पडलं तर मात्र शेरा नाही, दोष कुणाचाच नाही. पण भेट तेवढीच. पुन्हा लावायची सोय नाही, पुढच्या शनिवारची वाट बघायची. हे नियम ज्यांनी केले ते लोक कधी पोराबाळांशी बोलले असतील का, देव जाणे.

पोरीचं घरातलं नाव मिठू. दीड वर्षाची असताना जी बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून मिठू. आता ती नऊ वर्षांची होती. शनिवारी पडद्यावर आली की धाडधाड सुरू व्हायची: वर्गात कोण कुणाशी कट्टी आहे, मांजराला पिल्लं झाली ती कुठे लपवली आहेत, गणिताच्या बाईंनी कुणाला उभं केलं. बापही घाईघाईनं विचारायचा, ती घाईघाईनं सांगायची, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचे आणि हसायचे. आणि हातातोंडाशी आलेला घास जावा तसं सगळं थिजायचं.

“अरे, मग नवा लॅपटॉप घे ना बाबा!” असं त्याला सगळ्या जगानं सांगून झालं होतं. सांगायला काय जातंय? प्रोग्रॅम ज्या मशीनवर नोंदवला त्याच मशीनवर चालायचा. मशीन बदलायचं तर अर्ज, त्यावर पोरीच्या आईची सही, मग कचेरीचा माणूस येऊन खोली बघून जाणार, मग तारीख. एकदा त्यानं हे करून पाहिलं होतं. आधीच्या मशीनचा पडदा फुटला, म्हणून कामावरच्या एकाचा हा जुना लॅपटॉप घेतला आणि अर्ज केला. अर्ज केला तेव्हा मिठूचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. परवानगी आली तेव्हा नवे दात पुरे वर आले होते. मधलं तोंड बापानं पाहिलंच नाही. त्यामुळे मशीन बदलायचं नाव काढलं की तो विषयच बदलायचा.

आणि हा लॅपटॉप म्हणजे दोन जीबी मेमरीचं म्हातारं. मेमरी वाढवून घ्यावी म्हणून तो दुरुस्तीवाल्याकडे गेला, तर त्यानं झाकण उघडून लगेच लावलं. “चिप बोर्डालाच सोल्डर केलीय,” तो म्हणाला, “आहे त्यात भागवा.” भागवा म्हणे.

लिफ्टवाला तसा हात टेकणारा माणूस नव्हता. शहरातल्या चाळीसेक बिल्डिंगांच्या लिफ्ट त्याच्या अंगावर होत्या. आवाज ऐकून तो सांगायचा, दोर सैल आहे की दरवाजाचा स्विच गेलाय. पण या डबड्याला ना दोर ना ग्रीस. मग त्यानं कामावरच्या जोडीदाराला विचारलं. या जोडीदाराला सगळे जाड्या म्हणत. अंगानं काडी होता, चष्म्याच्या काचा तेवढ्या जाड. जाड्याला कशातलंच कळत नव्हतं, आणि कशावरही सल्ला देताना तो कचरत नव्हता.

“भरलंय ते,” जाड्या म्हणाला. “नाकापर्यंत भरलंय. रिकामं कर म्हणजे पळेल.”

मग लिफ्टवाल्यानं रिकामं केलं. आधी गाणी गेली, मग सिनेमे गेले, मग लिफ्टच्या कंपन्यांची जाडजूड पुस्तकं गेली. शनिवारी पुन्हा तेच, मिठूचं तोंड उघडं. अजून काय उरलंय म्हणून बघितलं, तर मिठूच्या लहानपणीचे व्हिडिओ तेवढे उरले होते. रांगतानाचे, पहिल्यांदा चालली तेव्हाचे, बादलीत बसून ओरडतानाचे. आठवडाभर त्यानं चालढकल केली. मग मनाशी म्हणाला, जुनी मिठू ठेवून काय करू, आत्ताची दिसली पाहिजे. आणि एका दुपारी दगडासारखं मन करून सगळे पुसले, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसले. शनिवारी दहा मिनिटं झाली, आणि चक्र फिरायला लागलं.

त्यानंतरच्या आठवड्यात तो एका जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची तपासणी करायला गेला. तिथे सहाव्या मजल्यावर एक बाई राहायच्या. जन्मभर कॉलेजात कंप्युटर शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी घरात बसलेल्या. लिफ्टनं जरा हिसका दिला की पहिला फोन यांचा. जीभ अशी, की कॉलेजातली पोरं अजून स्वप्नात दचकत असतील. लिफ्टवाल्याच्या पिशवीतून लॅपटॉपचं टोक बाहेर आलेलं त्यांनी बघितलं.

“हे काय, लिफ्ट आता यानं चालवता की काय?”

“नाही बाई. हे स्वतःच चालत नाहीये.” आणि का कोण जाणे, दारातच उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगून टाकलं. कोर्ट, शनिवार, उघडं तोंड, सगळं.

बाईंनी चहा टाकायच्या आधी लॅपटॉप उघडला. “घोडं पेंड कुठं खातंय ते आधी बघू,” म्हणाल्या, आणि काळ्या खिडकीत टकटक करत आकडे काढले. “हं. तुमच्या प्रोग्रॅमला लागतं त्याहून थोडंसंच कमी पडतंय. फार नाही, थोडंसं. आणि इथे कर्नल बघा, अंगापेक्षा बोंगा मोठा.”

“कर्नल म्हणजे?”

“तुमच्या लिफ्टची मशीन रूम. लोकांना दिसत नाही, पण ती नसेल तर डबा हलत नाही. फरक एवढाच, की तुमची मशीन रूम गच्चीवर असते. या मशीनमध्ये ती डब्यातच बसवलेली आहे. ती जितकी मोठी, तितकी माणसं कमी मावतात.”

लिफ्टवाल्याला हे असं समजलं की त्याला एकदम हसूच आलं. “मग मशीन रूम लहान करू की!”

“करू. आमच्या पोरांना हे शिकवायला मला एक टर्म लागायची. बरं, आतापर्यंत तुम्ही काय काय करून पाहिलंत?”

त्यानं सांगितलं. गाणी पुसली, सिनेमे पुसले.

“अहो, ते म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!” बाई हसल्या. “डिस्क हे गोदाम आहे. गोदाम कितीही झाडून काढा, डब्यात जागा कशी होणार? ते वेगळं, हे वेगळं.”

“एकमेकांशी काही संबंधच नाही?”

“या बाबतीत काही नाही.”

लिफ्टवाल्यानं लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाला, “बाई, मी तिचे लहानपणीचे सगळे व्हिडिओ पुसले. चालायला लागली तेव्हाचे पण.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला आणि कामाला लागल्या. पुसलेलं परत काढायची जेवढी म्हणून हत्यारं त्यांना ठाऊक होती तेवढी त्यांनी वापरून पाहिली. तोवर खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा विचारून गेले, लिफ्ट चालू कधी होणार. शेवटी बाई म्हणाल्या, “त्या जागेवर दुसरं काहीबाही लिहिलं गेलंय हो. नाही मिळत.” तो बरं म्हणाला. चहा कधीचा निवून गेला होता, तो दोघांनी तसाच घेतला.

मग दर दोन-तीन दिवसांनी लिफ्टवाल्याची सहाव्या मजल्यावर चक्कर सुरू झाली. बाई आपल्या मोठ्या कंप्युटरवर नवा कर्नल तयार करायच्या, तो पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपात घालायचा. प्रत्येक वेळी काहीतरी कमी. आधी त्याला वाटलं, जे जे लागत नाही ते फेकलं की झालं. बाईंनी तिथेही कान धरला. जे कधी चालूच होत नाही ते जागा खात नाही, उगाच चालू होऊन बसतं ते खातं. मग असल्या रिकामटेकड्यांचा शोध. ब्लूटूथ कशाला? काढा. या घरात प्रिंटर नाही, तरी त्याची वाट बघत कोण बसलंय? काढा. मशीनला दोन प्रोसेसर, आणि कर्नल शंभर प्रोसेसरांची बडदास्त ठेवायला तयार. दोनाचीच ठेवा. कर्नल स्वतःशीच जी बडबड लिहून ठेवतो त्याची वहीसुद्धा बाईंनी लहान केली.

“माझ्या नवऱ्याचं पण असंच करायला पाहिजे होतं,” बाई म्हणाल्या. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. “ऐकू येतंय मला,” तो म्हणाला.

प्रत्येक शनिवारी थोडी थोडी भर पडत गेली. दहाची बारा मिनिटं झाली, बाराची तेरा. जगात कुणाला दोन मिनिटांचं अप्रूप नसेल, पण त्या दोन मिनिटांत मिठूनं एकदा मांजराचं पिल्लू कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. लिफ्टवाला सोमवारी जाड्याला, पहारेकऱ्याला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्या पिल्लाबद्दल सांगत सुटला. त्याच्या जिवाला काय वाटत होतं ते सांगायला नको. त्याला लेक हवी होती. तासभर हवी होती, बस.

आणि अशात ती चूक झाली. बाईंनी एक सोपी युक्ती सांगितली. मशीनला आत्ता जे जे जोडलेलं आहे तेवढ्याचीच सोय ठेवायची, बाकी सगळ्याला एका दमात रजा. यादी मशीन स्वतःच करतं. झकास! बाईंनी विचारलं, “सगळं जोडलंय ना?” तो म्हणाला, “सगळं.” कॅमेरा होता, वायफाय होतं, माउस होता. हेडफोन मात्र नव्हता. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज कधीच गेलेला, म्हणून शनिवारसाठी त्यानं वायरचा, माइकवाला हेडफोन आणला होता. आणि त्याला काही होऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून घरी कपाटात ठेवला होता. एवढं जपलं, की मोजायच्या वेळी तो हजरच नव्हता. मशीननं आपली यादी केली: हेडफोन नाही, म्हणजे त्याची सोयही नको.

शनिवारी मिठू पडद्यावर आली, बोलायला लागली, आणि ऐकू काहीच येईना. त्यानं वायर काढली, घातली, हेडफोनवर फुंकर मारली. हेडफोनवर फुंकर मारून काय होणार होतं? पण माणूस काय करणार! मिठूनं कानाकडे बोट दाखवून मान हलवली, म्हणजे तिलाही ऐकू येत नव्हतं. मग तिनं वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बाबा मुका’. आणि जी हसत सुटली! मग खुणांचा खेळ सुरू झाला. तिनं नाक वर करून, पोट पुढे काढून चालून दाखवलं. तो ओळखून गेला, ही गणिताची बाई. त्यानं दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवला, धापा टाकल्या. ती ओळखून गेली, ही अडकलेली लिफ्ट. तिनं कोलांटी मारली आणि टेबलावर आपटली. आवाजाचं ओझंच नसल्यामुळे मशीनही मजेत चाललं होतं. पाव तास झाला, अर्धा तास होत आला, तेव्हा कुठे थिजलं. लिफ्टवाला खुर्चीवर मागे टेकला. हसून हसून त्याचे गाल दुखत होते. वेगळे झाल्यापासूनची ही त्याची सगळ्यात चांगली संध्याकाळ.

मंगळवारी कचेरीचं पत्र आलं. दिनांक अमुकच्या भेटीत ध्वनी आढळून आला नाही. ध्वनीशिवायची भेट नियमात बसत नाही. सबब पुढील शनिवारची भेट स्थगित. पुन्हा असं घडल्यास भेटींचा फेरविचार करण्यात येईल.

आगीतून फुफाट्यात! तो कचेरीत फोन लावत राहिला. पहिल्यानं दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, तिसरी बाई फार गोड बोलली. “तुमचं म्हणणं समजतंय मला,” ती म्हणाली, “पण सिस्टिममध्ये तसा पर्यायच नाही.” त्या शनिवारी पाच वाजता तो बंद लॅपटॉपसमोर नुसता बसला होता. उठावंसंही वाटेना. तिकडे पोरगी काय समजली असेल, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

सहाव्या मजल्यावरच्या बाईंना मात्र झोंबलं. “माझीच चूक,” म्हणाल्या, “मी विचारलं, पण बघितलं नाही. पोरांना जन्मभर सांगत आले, विचारू नका, बघा.” हेडफोनची सोय परत आत घेतली. आणि मग त्या हट्टाला पेटल्या. मशीन सुरू होतानाची ओळ अन् ओळ वाचत सुटल्या. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. लिफ्ट नीट आहे, तरी या.

“सापडला चोर!” दार उघडताच बाई म्हणाल्या. “इतके दिवस डोळ्यासमोर होता आणि मी मेली छटाक-छटाक काढत बसले. हे बघा. ही एवढी मोठी जागा कर्नलनं पहिल्यापासून अडवून ठेवलीय. कुणालाच देत नाही. कशासाठी? मशीन कोसळलंच, तर का कोसळलं याची चौकशी करायला.”

“म्हणजे कोसळायच्या आधीच चौकशीची जागा राखलेली?”

“अगदी. मोठ्या मोठ्या मशीनना लागते ती. तुमच्या डबड्याला काय करायचीय?”

“आणि तेवढी जागा नाही म्हणूनच ते कोसळतंय?”

“तेच तर!”

लिफ्टवाला हसला. “काढा बाई. आमच्याकडे चौकशा पुष्कळ झाल्यात. उपयोग कशाचाच झाला नाही.”

जागा काढली. बाईंनी मशीनवर एकावर एक सगळी ओझी चढवली, चित्रं, आवाज, रेकॉर्डिंग. तास झाला, तासावर आणखी थोडं झालं. मशीन गरम झालं, पंखा घोंघावला, पण थिजलं नाही. आकड्यांत थोडी जागा शिल्लकही दिसत होती. आतून बाईंचा नवरा येऊन बघून गेला. “लागलं का एकदाचं या मशीनचं लग्न?” म्हणाला. लिफ्टवाल्यानं वाकून बाईंच्या पायांना हात लावला, तर बाई ओरडल्या, “गुडघे! गुडघे सांभाळून!”

शनिवार आला. त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. हेडफोन दोनदा लावून पाहिला. पाच वाजता मिठू पडद्यावर आली. केस ओले, कपाळाला चिकटलेले, एका पायात बूट, दुसरा हातात.

“बाबा! गेल्या शनिवारी तू आलाच नाहीस!”

“मशीनची भानगड होती गं. आता सगळं ठीक केलंय.”

मग ती सुरू झाली. धाडधाड. पिल्लांची नावं ठेवली, एकाचं नाव भजी आहे. गणिताच्या बाई रजेवर आहेत, त्यांच्या जागी सर आलेत, ते शिंकतात फार. कट्टीवाल्या दोघींची बट्टी झाली. तो विचारत होता, ती सांगत होती, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. दहा मिनिटं झाली. अकरा झाली. बारा, तेरा. चित्र काचेसारखं स्वच्छ. लिफ्टवाला खुर्चीत सरसावून बसला.

“आता सावकाश बोल,” तो म्हणाला. “आज घाई नाही.”

“हं,” मिठू म्हणाली.

तिनं हातातला बूट मांडीवर ठेवला.

“अजून काय?” त्यानं विचारलं.

“काही नाही.”

“शाळेत काय नवीन?”

“सांगितलं ना मघाशी. सर आलेत.”

“हो हो. शिंकणारे.” तो हसला. तीही हसली, पण जरा उशिरानं. मग त्यानं एका बिल्डिंगमधल्या लिफ्टची गंमत सांगायला घेतली. ती ऐकत होती. शहाण्या मुलीसारखी ऐकत होती, बरोबर जागी मान हलवत होती. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर आईनं बसवलेली पोरं हलवतात तशी. तिकडे खिडकीबाहेर कुणीतरी हाक मारली, “ए, येतेस ना? आम्ही टीम पाडतोय!” मिठूनं खिडकीकडे बघितलं, मग पडद्याच्या मधोमध बघितलं. तिथे काही नव्हतं. मग पुन्हा खिडकीकडे.

“बाबा,” तिनं विचारलं, “आज ते गोल गोल नाही आलं?”

“नाही! दुरुस्त केलं मी. म्हणजे मी आणि एका बाईंनी. आता ते येणारच नाही.”

“अरे वा,” ती म्हणाली. मोठी माणसं म्हणतात तसं म्हणाली. “मग आता पूर्ण तास?”

“पूर्ण तास!”

ती बुटाची लेस बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू, कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं तिनं विचारलं, “दर शनिवारी?”

लिफ्टवाल्याला कळलं. एवढे महिने कळलं नव्हतं ते सगळं एकदम कळलं. पोरगी त्याच्यावर रुसलेली नव्हती, त्याला विसरलीही नव्हती. तिच्याकडे बापासाठी दहा मिनिटं होती, आणि ती दहा मिनिटं ती जीव तोडून द्यायची. मग चित्र अडकायचं आणि ती दुसरा बूट घालून पळायची. कुणाचं काही चुकायचं नाही. तो तास हवा म्हणून त्यानं काय काय खरवडून काढलं होतं, आणि तिला त्या तासाचं काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. आणि नऊ वर्षांच्या पोरीला ते ठाऊक का असावं?

जा म्हणावं, तर वर रेकॉर्डिंगचा लाल दिवा. ती उठली की ‘मूल अनिच्छुक’. त्यानं बंद केलं की ‘वडिलांनी भेट सोडली’. आणि ती तर उठणारही नव्हती, गुणी पोर. तास संपेपर्यंत बसून राहिली असती, असाच बूट मांडीवर घेऊन. बाहेर पुन्हा हाक आली.

“अगं, काय झालं माहितीये का,” तो म्हणाला, “त्या लिफ्टमध्ये ना, त्या दिवशी एक—”

आणि थांबला. तोंड अर्धं उघडं, हात हवेत, डोळे कॅमेऱ्यावर. हलला नाही. पापणीही हलू दिली नाही.

“बाबा?”

तो हलला नाही.

“बाबा, ऐकू येतंय का?” तिचा चेहरा जवळ आला, पडदाभर झाला. इतका स्वच्छ तो त्यानं कधीच पाहिला नव्हता. नव्या दातांच्या कडा अजून करवतीसारख्या होत्या. भुवईत एक बारीक खूण होती; ती कधी झाली, कशानं झाली, त्याला माहीत नव्हतं. विचारता येत नव्हतं.

“आई! बाबा अडकला!” ती आत बघून ओरडली.

“बरं,” आतून आवाज आला.

“मी जाऊ?”

“जा. सातच्या आत ये.”

तिनं बूट चढवला, लेस बांधायलाही थांबली नाही, आणि पळाली. खुर्ची थोडी फिरून थांबली. लिफ्टवाल्याचे डोळे चुरचुरायला लागले होते. तो मिटणार, एवढ्यात ती परत आली. धापा टाकत पडद्यासमोर उभी राहिली, आणि थिजलेल्या बापाकडे बघून म्हणाली, “बाय बाबा. पुढच्या शनिवारी सांग हं पुढचं.” तिनं बोटं ओठांना लावली, ती कॅमेऱ्याला टेकवली, आणि गेली. दर शनिवारी ती हे असं करत असेल का, ते त्याला कळायची आजवर काही सोयच नव्हती.

त्यानं बंद केलं असतं तर शेरा पडला असता. आणि हलला असता तर तिकडे कुणी येता-जाता बघितलं असतं, मशीन अडकलेलं नाही हे रेकॉर्डमध्येही दिसलं असतं. म्हणून तो तसाच बसला, तास भरेपर्यंत. हात दुखायला लागला तेव्हा इंचाइंचानं खाली घेतला. डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं, ते पुसलं नाही. तिकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यातला मिठूचा आवाज त्याला बरोबर ओळखू येत होता. आवाज एकदाही तुटला नाही.

तास भरल्यावर प्रोग्रॅम बंद झाला, आणि पाठोपाठ फोन वाजला. बाई होत्या.

“काय हो, झाला का तास?”

“झाला बाई. पूर्ण झाला.”

“अडकलं नाही ना?”

“मशीन नाही अडकलं.”

“मग! मी म्हटलं नव्हतं?” बाईंचा आवाज पोरीसारखा झाला होता. “आता काळजी नाही. दर शनिवारी निवांत बोला.”

“बाई,” तो म्हणाला, “ती आपण काढलेली जागा आहे ना, चौकशीची. ती परत घालता येते का?”



“येते की. एका ओळीचं काम. पण का हो? एवढं सगळं करून?”

“घाला परत. आणि ब्लूटूथ, प्रिंटर, काय काय काढलंय ते पण. पहिल्यासारखं करा. दहा मिनिटांत त्याला दम लागला पाहिजे.”

“सोमवारी या,” बाई म्हणाल्या, “लॅपटॉप घेऊन.”